शिट्टी कुठे वाजते

शिवराम रोकडे यांच्या कानाला काहीही झालेलं नव्हतं, हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं. निदान त्यांचं स्वतःचं तसं ठाम मत होतं, आणि ज्याचा कान त्याचं मत आधी घ्यावं, एवढी रीत पाळायला हरकत नाही. अंबरनाथच्या मोरिवलीत कुठेतरी एक बारीक शिट्टी अखंड वाजत होती आणि ती शिवरामांना ऐकू येत होती. यात दोष असलाच तर तो शिट्टीचा होता.

आता, ही शिट्टी सुरू होण्याच्या थोडं आधी कारखान्यात हवेच्या टाकीचा सेफ्टी व्हॉल्व्ह त्यांच्या उजव्या कानाशी उडाला होता, ही गोष्ट खरी. त्या दिवशी दुपारभर सगळं जग विहिरीच्या तळातून बोलत होतं. सुपरवायझरने त्यांना बाकावर बसवून साखर जास्त घातलेला चहा पाजला, कारण कारखान्यात भाजण्यापासून बोट तुटण्यापर्यंत प्रत्येक दुखण्यावर पहिला उपचार तोच असे. संध्याकाळपर्यंत कान उघडला. शिट्टी तेवढी राहिली. कुणीही या दोन गोष्टींची सांगड घातली असती. पण सोप्या उत्तरावर विश्वास ठेवणाऱ्यांतले शिवराम नव्हते.

आणि त्याला कारण होतं. शिवराम मोरिवलीच्या एका फोर्जिंग कारखान्यात हॅमरवर होते. लाल तापलेला लोखंडाचा गोळा खाली आणि कित्येक टनांचा घाव वर, असं ते काम. तिथे डोळ्यापेक्षा कानाला महत्त्व. घावाचा आवाज किंचित पोकळ आला की शिवराम हात वर करत, हॅमर थांबे, आणि खरोखरच खालचा साचा सैल झालेला निघे. साच्याला गेलेला तडा त्यांनी दिसण्याआधी ऐकला होता. ‘रोकडेंचा कान’ ही हॅमर शॉपमधली म्हण होती. नवी पोरं त्यांच्या शेजारी उभी करत, ती हात शिकायला नव्हे, ऐकायला. हे सगळं १९८७ सालचं. त्याच वर्षी कंपनीने जाहीर केलं, की दिवाळीनंतरच्या वैद्यकीय तपासणीत यंदा कानाचंही मशीन येणार. ज्यांचा कान नापास, त्यांची बदली स्टोअरला. स्टोअर म्हणजे खिडकीमागे बसून हातमोजे वाटणं. शिवराम हातमोजे वाटणार! त्यामुळे शिट्टी बाहेर असणं अत्यंत आवश्यक होतं.

अंबरनाथच्या कारखान्यांना सुट्टी शुक्रवारची. इतर दिवशी हॅमर, कॉम्प्रेसर, गिरण्या, ट्रक अशी सगळी मंडळी एकदम बोलत असल्यामुळे शिट्टीला कुणी विचारत नसे. शुक्रवारी दुपारी मात्र ती ओसरीवर येऊन बसलेल्या पाहुण्यासारखी हलेना. त्या शुक्रवारी जेवण झाल्यावर शिवराम बराच वेळ मान तिरपी करून बसले. मग पत्नीला म्हणाले, “भागीरथी, तुला कसला आवाज येतो का गं? बारीक?”

भागीरथीबाई तांदूळ निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, “येतो की.”

“कसा येतो?”

“कुकरची शिट्टी होऊन गेली, की मागं बारीक वाफ सुटत राहते ना, तसा.”

शिवरामांच्या छातीवरचा हॅमर उचलला गेला. अगदी हाच! इतकं अचूक वर्णन तर त्यांनाही जमलं नसतं. ते ताडकन उठले. दोघांना येतो, म्हणजे बाहेरच आहे. साक्षीदार मिळाला, आता आरोपी शोधायचा. भागीरथीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. काहीतरी विचारायचं त्यांच्या मनात असावं, पण तोवर शिवराम स्टुलावर चढून ट्यूबलाइटचा चोक काढत होते.

शॉपमध्ये नको तो आवाज आला, तर शोधायची एक पद्धत असते. एकेक मशीन बंद करत जायचं. ज्याच्यावर आवाज थांबला, ते मशीन गुन्हेगार. ही पद्धत कधी चुकत नाही असं शिवराम नव्या पोरांना सांगत. त्यांनी ती घरात लावली. ट्यूब बंद केली, पंखा बंद केला, फ्रिज बंद केला. हा फ्रिज उल्हासनगरहून आणलेला. त्यावरचं कंपनीचं नाव मूळ कंपनीपेक्षा एका अक्षराने लांब होतं, त्यामुळे त्याच्यावर संशय घ्यायला जागा होती. पण तो बिचारा बंद होऊनही शिट्टी चालूच राहिली. घर निर्दोष सुटलं. तपास जिना उतरून खाली गेला.

खाली शरदचंद्र गुप्ते राहत. मंत्रालयात हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, इमारतीतले सर्वांत लिहिते गृहस्थ. शिवरामांनी त्यांना व्होल्टेज स्टॅबिलायझर बंद करायची विनंती केली आणि विचारलं, “तुम्हाला ऐकू येतो का हो आवाज?”

गुप्त्यांनी मान तिरपी केली. डोळे मिटले. इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. निवृत्त माणसाने ‘मला ऐकू येत नाही’ असं म्हटलं, तर वाक्याचा शेवटचा अर्थ काय होईल याचा भरवसा नसतो. दुसऱ्या दिवशी सून मोठ्याने बोलू लागते. गुप्ते डोळे उघडून म्हणाले, “येतो म्हणजे काय, रोकडे! मी तर केव्हापासून बोलणार होतो.”

प्रत्येकाचं असंच काहीतरी होतं. शिवराम इमारतीचा पाण्याचा पंप दुरुस्त करत, कुणाच्या घरी कुणी आजारी असलं तर रिक्षा आणायला धावत. अशा माणसाने तोंडावर विचारलं, की ‘आवाज येतो ना?’, तर ‘नाही’ म्हणायला जीभ रेटत नाही. भाजी विकायला बसणाऱ्या मोरिवली गावातल्या कौसाबाईंनी तर तत्त्वच सांगितलं, “मना तं काय आयकू नाय येत, बाबा. पन तू बोलतंस म्हंजे आसंलच. कानान लसनाचा त्याल घाल.”

“कान ठीक आहे माझा, कौसाबाई. आवाज बाहेर आहे.”

“मंग भायेर त्याल घाल,” कौसाबाई म्हणाल्या आणि गवारीच्या शेंगांवर पाणी मारू लागल्या.

तळमजल्यावर परमानंद सेठचं कोल्ड्रिंकचं दुकान होतं. सेठ उल्हासनगरहून रोज येत. शिवरामांनी त्यांचा डीप फ्रीझर थोडा वेळ बंद करायला सांगितला. सेठ हात जोडून म्हणाले, “रोकडेभाई, आपके लिए दुकान बंद करीन. फ्रीझर क्या चीज आहे, साईं?” आणि त्यांनी बटण दाबलं. तेवढ्यात गुप्ते तिथे आले, आणि शेजाऱ्यांच्या आवाजाबद्दल कायदा काय म्हणतो, हे सांगू लागले. कायदा बराच काही म्हणत असावा, कारण तो सांगून होईपर्यंत फ्रीझर बंदच राहिला आणि आतल्या कुल्फीचं दूध झालं. ते सगळ्या इमारतीला वाट्यांतून वाटण्यात आलं. शिवरामांनी मान खाली घालून आपली वाटी प्यायली.  त्या दिवसापासून शिट्टी कोपऱ्यावरच्या ट्रान्सफॉर्मरमधूनच येते, हे सेठ येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला छातीठोकपणे सांगू लागले. एकदा ट्रान्सफॉर्मर दोषी ठरला, की फ्रीझरकडे पुन्हा कुणी वळणार नव्हतं.

मत असं बनत जातं. ट्रान्सफॉर्मर गुणगुणत होता, हे कुणालाही नाकारता येत नव्हतं. सगळेच ट्रान्सफॉर्मर गुणगुणतात. “तोंडी तक्रारीला वजन नसतं, लेखी द्या,” गुप्ते म्हणाले. शिवरामांची कॉलेजात जाणारी मुलगी विशाखा हिने सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिला. त्यातला ‘कर्कश’ हा शब्द गुप्त्यांनी सुचवला.

वीज मंडळाच्या कार्यालयातल्या कारकुनाने अर्ज उलटसुलट पाहिला. “लाइट येते ना?”

“येते.”

“पंखा फिरतो? तार तुटलीय?”

“नाही. आवाज येतो.”

“आवाजाचं आमच्याकडे सदर नाही,” कारकून म्हणाला. त्याचा नाइलाज खरा होता. अंधाराला सदर होतं, कमी दाबाला होतं, तार पडून म्हैस मेली तर तिलासुद्धा होतं. शेवटी त्याने तोडगा काढला. बाधित रहिवाशांच्या सह्या आणा, मग बघू. शिवराम युनियनमध्ये वाढलेले. सह्या गोळा करणं म्हणजे त्यांच्या हातचा मळ. इमारतीतल्या यच्चयावत माणसांनी सही केली. कौसाबाईंनी अंगठा दिला. पुण्यात नोकरीला असलेल्या एकाची सही त्याच्या भावाने केली, कारण तो दिवाळीला येणार होता आणि आला की त्यालाही त्रास होणारच होता.

आणि मग एक विचित्र गोष्ट घडली. शिट्टी शिवरामांच्या हातातून निसटली. ती सार्वजनिक झाली. गुप्तेवहिनी सांगू लागल्या, की या आवाजाने दही लागत नाही. दुसऱ्या मजल्यावरची नवी सून माहेरी गेली, ती सासूमुळे असं सगळे समजत होते. सासूने खुलासा केला, की आवाजामुळे. जिन्यात, नळावर, बुद्धविहाराच्या ओट्यावर, जिथे चार जण जमत तिथे शिवरामांच्या शिट्टीचा विषय निघे. शिवराम कौतुकाने कान देत. पण ऐकता ऐकता त्यांना काहीतरी खटकू लागलं. एक जण म्हणे, घरघर येते. दुसरा म्हणे, टकटक. सेठ म्हणाले, “हेलिकॉप्टर जैसा.” शिट्टी असं कुणीच म्हणेना. घरी येऊन ते भागीरथीबाईंना पुन्हा विचारत, “कसा येतो तुला?” त्या म्हणत, “सांगितलं की. कुकरची वाफ.” मग त्यांना जेवण जाई.

अखेर मंडळाचे ज्युनियर इंजिनिअर साहेब एका शुक्रवारी सकाळी लाइन बंद ठेवून तपासणी करायला आले. सोबत हरिचंद्र नावाचा वायरमन, खांद्यावर लांब काठी घेऊन. सगळी इमारत रस्त्यावर उतरली होती. गुप्ते इस्त्रीच्या शर्टात होते. परमानंद सेठनी साहेबांसाठी लिंबू सोडा आणून ठेवला होता. शिवराम सर्वांच्या पुढे उभे होते, पाडव्याला नवं मशीन सुरू करायला बोलावलेल्या माणसासारखे. भागीरथीबाई मात्र इमारतीच्या दारात पदराला हात पुसत थांबल्या होत्या.

हरिचंद्राने काठी वर नेली आणि खटका ओढला.

आधी ट्रान्सफॉर्मरचं गुणगुणणं गेलं. मग घराघरांतले पंखे मंदावत थांबले. कुणाचा तरी रेडिओ वाक्यात तुटला. शेजारच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा फटफट करत गळून पडल्यासारखा गप्प झाला. कारखाने तर सुट्टीवरच होते. मोरिवलीवर अशी शांतता उतरली, की कावळ्याने पंख झटकल्याचं ऐकू आलं. माणसं नकळत हळू बोलू लागली.

“माजे लगनान आसा होता गाव,” कौसाबाई म्हणाल्या. “कारखाने यायचे आंदी.”

त्या शांततेत शिवरामांची शिट्टी उभी होती. ताणलेल्या तारेसारखी, पूर्वी कधी नव्हती इतकी स्वच्छ.

साहेबांनी खिशातून पेन काढलं. “थांबला का आवाज?”

“संपूर्ण थांबला!” गुप्ते म्हणाले.

“एकदम शांती, साहब,” सेठ म्हणाले.

“थांबला, थांबला,” मागून सगळे म्हणाले. दही न लागणाऱ्या गुप्तेवहिनींनी तर डोळ्याला पदर लावला.

मग सगळ्यांनी शिवरामांकडे पाहिलं.  एकेक मशीन बंद करत जायचं. घर बंद करून झालं होतं, फ्रीझर, गिरणी, ट्रान्सफॉर्मर, सगळा गाव बंद करून झाला होता. पद्धत चुकत नाही. आता बंद न केलेलं एकच मशीन उरलं होतं, आणि ते इस्त्री नसलेल्या शर्टात ट्रान्सफॉर्मरच्या कुंपणाशेजारी उभं होतं. त्यांना एकदम स्टोअरची खिडकी दिसली. तिच्यातून हातमोजे देणारे आपले हात दिसले. एक शब्द बोलला की झालं. थांबला. सगळ्यांनीच तर म्हटलंय. त्यांनी तोंड उघडलं.

“मला येतोय अजून,” दारातून भागीरथीबाई म्हणाल्या.

सगळ्या माना वळल्या. गुप्ते समजुतीच्या सुरात म्हणाले, “वहिनी, लाइन बंद केलीय. ट्रान्सफॉर्मर बंद आहे.”

“असू दे बंद. माझा येतोय.” त्या चार पावलं पुढे आल्या. इतक्या लोकांत बोलायची त्यांना सवय नव्हती, म्हणून त्या फक्त शिवरामांकडे बघून बोलल्या. “उल्हासनगरला डब्यांच्या कारखान्यात होते ना मी, विशाखा व्हायच्या आधी. झाकणं मारायच्या प्रेसवर. दोन प्रेसच्या मधी उभं राहायचं. तेव्हापासून येतोय. आज येतोय तसाच.”

 लिंबू सोड्यातले बुडबुडे तेवढे वर येत होते.

शिवराम साहेबांकडे वळले. “नाही थांबला, साहेब. मलाही येतोय.”

साहेब अडचणीत आले. एवढ्या सह्यांचा अर्ज, एवढी साक्षीदार मंडळी, आणि मूळ अर्जदार उलटलेला. “मग मी लिहू काय?”

“ट्रान्सफॉर्मर निर्दोष लिवा,” वायरमन हरिचंद्र म्हणाला, आणि पुन्हा काठी वर नेली.

त्या दुपारी घरात पंखा चालू होता, फ्रिज चालू होता, ट्यूबलाइट भर दिवसा चालू होती. शिवराम भिंतीला टेकून बसले होते. ते म्हणाले, “इतकी वर्षं बोलली नाहीस कधी.”

“काय बोलायचं? मला वाटलं सगळ्यांनाच येतो. गप्प बसलं की असाच आवाज होतो, असं वाटायचं.” भागीरथीबाईंनी तांदळातला खडा काढून बाजूला ठेवला. “तुम्ही विचारलंत ना त्या दिवशी, तर बरं वाटलं. म्हटलं, ह्यांनाही येतो. कुणीतरी विचारलं तरी.”

“मला वाटलं, तू बाहेरचं सांगतेस.”

“तुम्ही कुठं थांबलात ऐकायला? चढलात स्टुलावर.”

 साऱ्या मोरिवलीला विचारत हिंडण्याआधी घरातच खरं उत्तर मिळालेलं होतं, आणि ते त्यांनी साक्षीपुरतं वापरून घेतलं होतं. एकाच खोलीत, एकाच उशाला, दोन शिट्ट्या वाजत होत्या. एक जुनी, एक नवी. ते उठले आणि त्यांच्या शेजारी तांदूळ निवडायला बसले. त्यांनी खड्यांबरोबर बरेच तांदूळही काढून टाकले. भागीरथीबाईंनी ते मुकाट्याने परत सुपात घेतले.

दोघं मिळून उल्हासनगरला कानाच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी चिमट्यासारखा पोलादी काटा वाजवून कपाळावर टेकवला, मशीन लावलं आणि सांगितलं, की आतली नस दुखावलीय, ती सुधारत नाही. शिट्टी जाणार नाही. उरलेलं ऐकणं तेवढं जपा. आणि अगदी शांततेत बसत जाऊ नका, बारीकसा कसला तरी आवाज सोबतीला ठेवा. शिवरामांनी कंपनीच्या तपासणीत मशीनची वाट न बघता स्वतःच सांगून टाकलं आणि स्टोअरच्या खिडकीमागे जाऊन बसले. ‘रोकडेंचा कान’ ही म्हण मोडीत निघाली. स्वतः मोडीत निघायला मात्र त्यांनी नकार दिला. हॅमरवरच्या पोराने कानात बोळे घातल्याशिवाय ते त्याला हातमोजे देईनात. पोरं कुरकुरायची. खिडकीतून उत्तर यायचं, “काय म्हणालास? मला ऐकू येत नाही.”

गुप्ते मात्र कितीतरी दिवस जिन्यात नजर चुकवत राहिले. आपल्याला फसवून ऐकायला लावलं, असं काहीसं त्यांचं म्हणणं असावं.

घरी सोबतीचा आवाज भागीरथीबाईंनीच शोधला. रेडिओचा काटा दोन स्टेशनांच्या मधे आणून ठेवायचा. गाणं नको, बातम्या नकोत, नुसती खरखर. पावसात पत्र्याखाली बसल्यासारखं वाटतं, त्या म्हणत. त्या खरखरीत दोघांच्याही शिट्ट्या विरघळत. पाहुणे आले की रेडिओ दुरुस्त करून द्यायची तयारी दाखवत. शिवराम नको म्हणत. पुढे निवृत्तीच्या पैशांत त्यांनी बदलापूरला सोनिवलीकडे घर घेतलं. तिकडे ना हॅमर, ना गिरण्या. संध्याकाळी शेतांवरून इतकी शांतता यायची, की रेडिओ सकाळी लागायचा तो निजेपर्यंत.

शहाण्णव साली भागीरथीबाई गेल्या. फार दिवस अंथरुणात नव्हत्या. स्मशानात बुद्धवंदना घेऊन मंडळी घरी परतली आणि चटईवर दाटीवाटीने बसली. विशाखा सगळ्यांना पाणी देत होती. अंबरनाथहून गुप्ते आले होते, काठी टेकत. फळीवर रेडिओ खरखरत होता. सकाळपासून त्याच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. गुप्त्यांचं गेलं. ते उठले, हलकेच बटण फिरवून त्यांनी तो बंद केला आणि बाजूच्या माणसाला म्हणाले, “अशा वेळी बरं दिसत नाही.”

खोलीत शांतता झाली. शिवरामांनी मान वर केली.

“गुप्ते, लावा तो,” ते म्हणाले. “तिला शांतता सोसत नाही.”

गुप्त्यांनी घाईने बटण फिरवलं. कुठल्याशा स्टेशनावर बाजारभाव चालू होते. शिवराम उठले, फळीपाशी गेले, आणि काटा किंचित डावीकडे सरकवून थांबले. खरखर आली. त्यांनी आवाज थोडा कमी केला, भागीरथीबाई ठेवत तेवढा, आणि जागेवर येऊन बसले. गुप्ते त्यांच्या शेजारी बसले. 

“अजून येतो?” गुप्त्यांनी विचारलं.

“येतो.”

गुप्त्यांनी मान तिरपी केली. पूर्वीसारखे डोळे मिटले आणि बराच वेळ ऐकत राहिले.

“मला नाही येत, रोकडे,” ते म्हणाले. “कधीच आला नव्हता.”

“ठाऊक आहे,” शिवराम म्हणाले. “बसा जरा वेळ.”